थुंकीत टीबी सापडला नाही, तर ब्रॉन्कोस्कोपी करावी का?

वडिलांचं वय ६२, दोन महिने खोकला, सीटीत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, थुंकी दोनदा निगेटिव्ह. मधुमेह आहे, हृदयात स्टेंट आहे म्हणून क्लोपिडोग्रेल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून करायची तपासणी, करावी का, त्यात नेमकं काय करतात, उपचारही होतो का आणि धोका किती, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत: करून घ्या. या वयात, या जागी टीबी आणि कॅन्सर दोन्ही असू शकतात आणि सीटीवर ते फसवतात. अंदाजाने टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या आणि दोन महिन्यांनी डाग तसाच दिसला की मग शोधाशोध, हा प्रकार आपल्याकडे फार चालतो. कॅन्सर असेल तर तेवढे दिवस हातचे जातात.

मात्र आधी एवढं विचारा, की डाग दुर्बिणीच्या टप्प्यात आहे का. दुर्बीण ५-६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे ती मोठ्या नळ्यांतूनच फिरणार. बरगडीलगतची लहान गाठ तिच्या हाती सहसा लागत नाही. तिथे सीटीवर बघत बाहेरून सुईने तुकडा काढलेला बरा. छातीच्या मध्यभागी लसिका ग्रंथी सुजल्या असतील तर ईबस करतात. त्या दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असते आणि नळीच्या भिंतीतून सुई घालून नमुना घेता येतो.

तयारीत सगळ्यात महत्त्वाचं क्लोपिडोग्रेल. तुकडा काढायचा असेल तर ते ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट नुकताच बसवला असेल तर परस्पर गोळी बंद करणं दुर्बिणीपेक्षा जास्त धोक्याचं आहे. अशा वेळी तुकडा न काढता फक्त फुप्फुस धुऊन पाणी घेता येतं. ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. ६ तास आधीपासून जेवण बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. मधुमेह असल्यामुळे सकाळचा पहिला नंबर मागा, आणि उपाशीपोटी शुगरची गोळी किंवा इन्शुलिन किती घ्यायचं ते आदल्या दिवशीच ठरवून घ्या. कवळी काढून ठेवायची, हलणारा दात असेल तर सांगायचं.

नाकात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची जेली आणि घशात १० टक्क्यांचा फवारा मारतात. चव कडू असते आणि गिळताच येत नाही असं वाटतं. पेशंट घाबरतो तो इथेच. खरं तर घसा बधिर झालेला असतो. स्वरयंत्रातून नळी आत जाताना जोराचा ठसका लागतो, म्हणून दुर्बिणीतूनच आणखी औषध सोडतात. एका फवाऱ्यात १० मिलिग्रॅम जातं आणि एकूण मर्यादा वजनाच्या किलोमागे साधारण ८ मिलिग्रॅम, त्यामुळे हिशेब ठेवावा लागतो. जास्त झालं तर ओठांभोवती मुंग्या येतात, पुढे झटकेही येऊ शकतात. श्वास कोंडत नाही. श्वासनलिका दीड-दोन सेंटिमीटर रुंद असते आणि ऑक्सिजन चालू असतो. काम साधारण २०-३० मिनिटांचं.

आता नमुन्यांबद्दल, कारण तपासणी वाया जाते ती बहुतेक इथे. डागाकडे जाणाऱ्या श्वासनळीच्या फांदीत दुर्बीण अडकवून एकूण १०० ते १५० मिली सलाईन थोडंथोडं सोडतात आणि परत ओढतात. निम्मं किंवा त्याहून कमीच परत येतं, उरलेलं शरीर शोषून घेतं. तुकडे तिळाएवढे असतात, म्हणून एक-दोनवर भागत नाही, पाच-सहा लागतात. आणि बाटल्या दोन हव्यात: पॅथॉलॉजीसाठी फॉर्मेलिनची, टीबीसाठी साध्या सलाईनची. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. सगळे तुकडे त्यातच टाकले तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी, कधीच उगवणार नाही. रिपोर्टात 'ग्रॅन्युलोमा' (टीबीत दिसणारी सूजेची बारीक गाठ) येईल, पण कोणतं औषध लागू पडतं ते कळणार नाही. धुतलेलं पाणी सीबीनॅटला, म्हणजे टीबीच्या जंतूचे जनुक शोधणाऱ्या तपासणीला, पाठवलं का, हेही विचारा. मशीनवर साधारण दोन तासांत टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का ते समजतं. कल्चरला सहा आठवडेही लागतात. तपासणीनंतर खोकून पडलेला बेडका टाकू नका, तोही द्या. कधी कधी जंतू त्यातच सापडतो. सगळंच निगेटिव्ह आलं तर कॅन्सर नाही असं समजू नका, तुकडा पुन्हा किंवा दुसऱ्या वाटेने घ्यावा लागेल.

उपचाराचं म्हणाल तर नळीत अडकलेला घट्ट कफ, सुपारी, सीताफळाची बी दुर्बिणीने काढतात, आकसलेली नळी फुग्याने रुंदावतात, गाठीने वाट बुजली असेल तर ती जाळून मोकळी करतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत सध्या प्रश्न निदानाचाच आहे.

तपासणी झाल्यावर दोन तास, घशाची बधिरता जाईपर्यंत, पाणीही नाही, नाहीतर ते फुप्फुसात जातं. गुंगीचं औषध दिलं असेल तर दिवसभर गाडी चालवू द्यायची नाही. थुंकीत रक्ताच्या रेषा एक-दोन दिवस दिसतात. त्या रात्री ताप येऊ शकतो, पॅरासिटामॉलने उतरतो. पण फुप्फुसाच्या आतला तुकडा काढला असेल तर शंभरात काही जणांच्या छातीत हवा सुटते. म्हणूनच नंतर एक्स-रे काढतात. घरी आल्यावर एकाएकी छातीत कळ आली, धाप लागली किंवा नुसतं रक्तच पडू लागलं, तर सकाळची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.