ट्रॅव्हलरच्या टपावर सोलर पॅनल: पत्रा, वारा आणि इगतपुरीचा पाऊस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेऊन तिचं कॅम्पर, म्हणजे मुक्कामाची गाडी, केलंय. आत बारा व्होल्टचा फ्रिज, दोन पंखे, दिवे, एक लॅपटॉप, सकाळी चटणीपुरता मिक्सर. टपावर ५४० वॅटचे दोन पॅनल टाकायचेत. नाशिकच्या अंबडचा फॅब्रिकेटर म्हणतोय, बंगल्यावर लावतो तसे अँगल मारतो, सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू ठोकतो, वरून सिलिकॉन भरतो, एका दिवसात गाडी घेऊन जा.

दादा, हे करू नका. माझ्या पहिल्या गाडीचं काम अगदी असंच झालं होतं. पहिला पावसाळा कोरडा गेला आणि मला वाटलं, जमलं. दुसऱ्या पावसाळ्यात घोटी-इगतपुरीकडे चार दिवस मुक्काम होता. परत आल्यावर आतल्या प्लायवर हात ठेवला तर तो भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दबला. अस्तर उघडलं तेव्हा प्रत्येक स्क्रूभोवती गंजाचं कडं होतं. पाणी स्क्रूपाशी टपकत नव्हतं. पत्र्याच्या आतल्या बाजूने ओघळत जाऊन मागच्या कपाटामागे मुरत होतं. म्हणून दीड वर्ष कळलंच नाही. त्याच वर्षी कसारा घाट उतरताना टपावर कट-कट ऐकू यायला लागली. गाडी बाजूला घेऊन वर चढलो तर पुढच्या कोपऱ्याचे दोन्ही स्क्रू निघून गेले होते. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या अंगावर तो पॅनल गेला असता तर काय, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

घराचा स्लॅब जागचा हलत नाही. गाडीचा टप म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरचा पत्रा. त्यात स्क्रूचे एक-दोन आटेच धरतात आणि खड्ड्याखड्ड्याला ते भोक मोठं करत जातात. शिवाय वजन खाली दाबतं, वारा मात्र वर उचलतो. ५४० वॅटचा पॅनल साधारण २.२८ बाय १.१३ मीटर, म्हणजे अडीच चौरस मीटरहून मोठा. ताशी १०० किलोमीटरला खालून हवा शिरली तर ढोबळ हिशेबाने सव्वाशे किलोचा उचल, म्हणजे वर ओढणारा जोर, लागू शकतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. त्यामुळे मुंबई-आग्रा महामार्गावर समोरून ४० च्या वेगाचं वारं असेल तर तोच उचल जवळजवळ दुप्पट होतो. पॅनल स्वतः २८ किलोच्या आसपास. तो आपल्या वजनाने बसून राहील या भरवशावर राहू नका.

मग कसं बसवायचं? आधी आतलं अस्तर काढा, निदान जिथे पॅनल येणार तेवढं तरी. पत्र्याखाली आडव्या पट्ट्या दिसतील. टपाची ताकद त्यांच्यात आहे. त्यांच्या खुणा वर घ्या, खडूने पॅनलचा आराखडा काढा, व्हेंट आणि एसीची जागा सोडा. लांबीच्या दिशेने ॲल्युमिनियमचे दोन चॅनल असे टाका की प्रत्येक चॅनल निदान तीन-चार पट्ट्यांवरून जाईल. चॅनल पॉलियुरेथेन ॲडेसिव्हने चिकटवायचा (सिकाफ्लेक्स २५२ किंवा त्याच जातीचं) आणि पट्ट्यांच्या जागी आरपार बोल्टही घ्यायचा. माझं मत स्पष्ट आहे: नुसतं चिकटवलेलं मी महामार्गावर नेणार नाही, आणि नुसतं बोल्टवर असलेलं पावसात नेणार नाही.

बोल्टखाली आतून ३ मिलिमीटरची प्लेट हवीच. पट्टी पोकळ असते, नुसतं आवळलं तर चेपते. भोक पाडलं की त्याच्या कडेला झिंक प्रायमर लावा, सुकू द्या, मगच सीलंट भरून बोल्ट घाला. बोल्ट एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चे, नट नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले, थरथरीने न सुटणारे), आणि स्टील-ॲल्युमिनियमच्या मध्ये रबरी वॉशर, नाहीतर दोन धातू ओलाव्यात एकमेकांना खातात. सिलिकॉनबद्दल एकच सांगतो. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज धरवतं, आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही.

चिकटवण्याच्या कामात घाई सगळ्यात महाग पडते. रंग स्कॉच-ब्राइटने हलका खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कंपनीने सांगितलेला प्रायमर मारा. चॅनलखाली ३ मिलिमीटरचे रबरी तुकडे ठेवा, म्हणजे दाबल्यावर सगळं ॲडेसिव्ह बाहेर येणार नाही. तो जाड थरच गाडीची थरथर पचवतो. हे ॲडेसिव्ह दिवसाला साधारण चार मिलिमीटर आतपर्यंत सुकतं, तेव्हा रुंद चॅनलखाली चार-पाच दिवस गाडी हलवू नका. काम फेब्रुवारीत काढा, जुलैत नको.

पॅनल चॅनलवर धरताना फक्त चार कोपरे पकडू नका. लांब बाजूच्या साधारण पाव अंतरावर क्लॅम्प यायला हवेत, आणि गाडीसाठी मी मधे आणखी एकेक देतो. कोपऱ्यावर धरलेला मोठा पॅनल मधे झुलतो आणि आतले सेल, म्हणजे वीज बनवणाऱ्या चकत्या, बारीक तडकतात. वरून काहीच दिसत नाही, फक्त वीज कमी होत जाते.

पॅनल आणि टप यांच्यात ४ ते ५ सेंटिमीटर हवा खेळती ठेवा. एप्रिलात आपल्याकडे सेल सहज ६०-६५ अंशांवर जातात, आणि २५ च्या वर प्रत्येक अंशाला साधारण ०.३५ टक्के वीज घटते. म्हणजे १२ ते १४ टक्के तिथेच गेली. टपाला थेट चिकटवायचे लवचिक पॅनल मी याच कारणासाठी टाळतो. फक्त पुढच्या कडेला वाकवलेली पट्टी लावून वारा वरून काढून द्या. बाजू आणि मागची कड उघडी राहू द्या.

पॅनल तिरपे उचलायची सोय करू का, असंही विचारलंत. ती युरोपवाल्यांची गरज. नाशिक २० अक्षांशावर आहे, मेच्या विशीत आणि जुलैच्या उत्तरार्धात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही तो ४६-४७ अंशांवरच चढतो, तेव्हा आडवा पॅनल थेट उन्हाचा पाव हिस्सा गमावतो. तेवढ्यासाठी टपावर बिजागऱ्या नकोत. मागच्या बाजूला दोन-तीन अंशांचा उतार ठेवा, पाणी आणि धूळ वाहून जाईल.

आता दोन पॅनल हवेत का ते पाहू. फ्रिज दिवसाला ६००, पंखे ५००, लॅपटॉप ३००, दिवे १०० वॅट-तास धरा, मिक्सर नगण्य. एकूण दीड युनिट. एक पॅनल चांगल्या उन्हात पाच तासांचा हिशेब धरून, तूट वजा जाता, पावणेदोन-दोन युनिट देतो. पावसाळ्यात त्र्यंबकच्या ढगाखाली दोन पॅनलही पुरणार नाहीत, त्यासाठी अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या जनित्रावरून) चालत्या गाडीत बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर घ्या. टपावरचं तीस किलो वजन वाचलं तर घाटातल्या वळणांवर गाडी तुम्हाला दुवा देईल.

तरीही दोनच घ्यायचे ठरले, तर सिरीजमध्ये जोडू नका. एका पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) ४९-५०, दोघांचं १००. थंडीत ते वाढतं. निफाडला पारा ५ अंशांवर उतरलेल्या सकाळी ते १०४ च्या वर जाईल आणि १०० व्होल्टपर्यंतचाच एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला जुळवून देणारा डबा) जळू शकतो. पॅरलल जोडा, झाडाची सावली एकावर पडली तरी दुसरा काम करत राहतो. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल, काढताना उलट. केबल ६ चौरस मिलिमीटरची, टपातून आत येते तिथे ग्लँड (केबलभोवती घट्ट बसणारं पाणीरोधक बूच), आणि ग्लँडच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, आत जाणार नाही.

काम सुरू करण्याआधी पेठ रोडला आरटीओत विचारून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दल आहे, आणि तुमची गाडी आधीच कॅम्पर झालेली आहे. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

सगळं झालं की प्रत्येक नटावर मार्करने सरळ रेघ ओढा, नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. पहिली फेरी सप्तशृंगी गडापर्यंत काढा. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर होतील आणि नांदुरीचा घाटही लागेल. परत आलात की पाना घेऊन वर चढा, मग ५०० किलोमीटरला पुन्हा एकदा.

अस्तर काढलंत की पट्ट्यांचे फोटो इथे टाका, चॅनल कुठून न्यायचे ते खुणा करून सांगतो. फक्त भोकं पाडायच्या आधी टाका.