मार्चमध्ये रँकिंग हललं, तर?

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले आकडे नीट पाहिले. 'देवगड हापूस ऑनलाइन' असं शोधलं की तुझी साइट पहिल्या तिनात दिसते, दहातली आठ गिऱ्हाइकं गूगलवरून येतात, आणि त्या जोरावर पुढच्या हंगामात दुप्पट पेट्या काढायचा तुझा विचार आहे. पहिल्या तिनात येणं खायचं काम नाही, त्याबद्दल शाबासकी. पण शेजारच्या बागा आगाऊ पैसे देऊन घेण्याआधी माझं ऐकून घे.

बाबांनी वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवणं का बंद केलं, हे तूच मला सांगितलं होतंस. दर कुणी ठरवला, कसा ठरवला, हे हातात हिशेबाची पट्टी पडेपर्यंत कळायचं नाही. थेट गिऱ्हाईक गाठून तुम्ही त्यातून सुटलात. पण मधला माणूस गेलेला नाही गं, फक्त बदललाय. वाशीच्या दलालाला निदान फोन लावून चार शब्द सुनावता यायचे.

आता तारखा बघ. गूगल वर्षातून काही वेळा आपल्या क्रमवारीत मोठे फेरफार करतं, त्याला कोअर अपडेट म्हणतात. २०२३ साली असा एक फेरफार १५ ते २८ मार्च चालला. पाडवा होता २२ मार्चला. २०२४ सालचा ५ मार्चला सुरू झाला तो थेट १९ एप्रिलला संपला, आणि पाडवा होता ९ एप्रिलला. २०२५ साली १३ मार्चला सुरू होऊन तो पाडव्याच्या तीन दिवस आधी आटोपला. गूगलचं आंब्याशी वैर नाही, आपला हंगाम नेमका त्यात सापडतो एवढंच. एखादं पान घसरलं म्हणजे त्यात काही चूक असेलच असं नाही, हे गूगल स्वतःच सांगतं. सुधारणा केल्या तरी फरक दिसायला काही महिने लागू शकतात, असंही सांगतं. चपलांच्या दुकानाला काही महिने थांबता येईल. तुझा माल जूनमध्ये संपलेला असतो.

दाद मागू म्हणशील, तर इंग्लंडमधल्या शिव्हॉन आणि अ‍ॅडम रॅफ या जोडप्याची हकीगत वाच. किमतींची तुलना करून देणारी 'फाउंडेम' नावाची साइट त्यांनी २००६ साली सुरू केली आणि थोड्याच दिवसांत ती गूगलच्या निकालांत पार तळाला गेली. इतर सर्च इंजिनांवर मात्र ती व्यवस्थित सापडत होती. २००९ साली त्यांनी युरोपियन आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड ठोठावला तो जून २०१७ मध्ये, आणि युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं सप्टेंबर २०२४ मध्ये. रॅफ दांपत्य जिंकलं. त्यांची साइट २०१६ सालीच बंद झाली होती. आपल्याकडेही भारत मॅट्रिमनीवाल्यांनी २०१२ साली गूगलविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि १३५.८६ कोटींच्या दंडाचा आदेश निघाला फेब्रुवारी २०१८ मध्ये. असे लढे कुणीतरी लढायलाच हवेत, मला त्यांचा आदरच आहे. पण पेटीतला आंबा सहा वर्षं टिकत नाही.

म्हणून सर्च सोडून दे, असं मी म्हणत नाही. अनोळखी माणूस तुला दुसरीकडून सापडणार तरी कुठून? मला फक्त एवढं हवंय की त्याची दुसरी पेटी गूगलला न विचारता जावी.

आज रात्री सर्च कन्सोल उघड, म्हणजे गूगलवरून साइटवर कोण कसं आलं ते दाखवणारं गूगलचंच साधन. परफॉर्मन्सच्या पानावर लोकांनी काय टाइप केलं त्याची यादी असते. तिला गाळणी लावून तुमच्या बागेचं नाव असलेले शोध वेगळे काढ. लोक नाव तीन-चार तऱ्हांनी चुकवतात, तीही सगळी घे. त्यावरचे क्लिक एका बाजूला, 'हापूस पेटी पुणे', 'आंबा घरपोच' यांवरचे दुसऱ्या बाजूला. पहिला ढीग तुझा. दुसरा आज तुझ्याकडे आलाय, उद्या शेजाऱ्याकडे जाईल. तिथे फक्त १६ महिन्यांचाच हिशेब राहतो, तेव्हा दर मे अखेरीस तो उतरवून ठेव, नाहीतर त्याआधीच्या हंगामांशी तुलना करता येणार नाही.

'खरा हापूस कसा ओळखावा' या तुझ्या लेखावरही फार विसंबू नकोस. ऑगस्ट २०२४ पासून आपल्याकडेही गूगल अशा प्रश्नांची एआयने तयार केलेली उत्तरं वरच देऊ लागलंय. लेख तुझा, वाचणारा तिथूनच परत जातो.

खरी कमाई ऑर्डरींच्या वहीत आहे. मागच्या हंगामात ज्यांनी पेटी घेतली त्यांचे नंबर, गाव, कितीची पेटी, आंबे पिकत घालायला सांगितले की तयार हवे होते, कुणाच्या पेटीत दोन डागी निघाले, हे सगळं एका एक्सेलमध्ये उतरव. व्हॉट्सअ‍ॅपवर आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस, तेही दुसऱ्याचंच घर आहे. फेब्रुवारीत यातल्या प्रत्येकाला फोन कर. मेसेज नाही, फोन. यंदा मोहोर कसा आहे ते सांग, डागी आंब्यांची आठवण तूच काढ, आणि पेटी नोंदवायची का विचार. थोडी उचल घेऊन जेवढ्या पेट्या पक्क्या होतील त्यावर बागांचा हिशेब मांड. गूगलवरून येईल ते वरकड समज.

आणि ते गूगलवर पहिल्या नंबरची हमी देणारे एसईओवाले, म्हणजे शोधात साइट वर आणून देण्याचा धंदा करणारे गृहस्थ. ते बहुधा इतर साइटींवरून तुझ्या साइटकडे येणाऱ्या लिंका इकडून तिकडून विकत घेऊन लावतील. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा फेरफार आणला तो अशाच लिंकांवर, आणि साफसफाई करताना कित्येक धंदेवाल्यांच्या नाकी नऊ आले. बाबांना त्यांचं बोलणं पटलंय म्हणतेस, तर एवढंच कर: नंबर गेला तर पैसे परत, असं लेखी मागून बघ. काय म्हणतात ते मला कळव.