टॅक्स रेकॉर्डच्या चौकशीवरून ट्रम्प यांनी तक्रार केली तेव्हा लोकांची रिअॅक्शन काय होती?

सरळ दोन तट पडले होते. फेब्रुवारी 2021 मध्ये, म्हणजे ट्रम्प यांचं पहिल्या वेळचं राष्ट्राध्यक्षपद जाऊन जेमतेम महिना झालेला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांचा टॅक्सचे कागद मिळवायचा रस्ता मोकळा केला आणि ट्रम्प म्हणाले हा राजकीय छळ आहे, समर्थकांना ते पटलंही. बाकीच्यांचा प्रश्न साधा होता, निक्सनपासून बहुतेक सगळे राष्ट्राध्यक्ष रिटर्न स्वतःहून दाखवत आले मग तुम्हालाच काय अडचण? डिसेंबर 2022 ला सहा वर्षांचे रिटर्न बाहेर आले, त्यात 2017 चा फेडरल इन्कम टॅक्स 750 डॉलर, 2020 चा शून्य. मला हे बघून खरंच राग आला, तिथल्या नोकरदाराचा टॅक्स तर पगार हातात पडायच्या आधीच कापला जातो हो.