‘आर यू ॲट स्वारगेट?’ याला ‘येस, आय’म’ असं उत्तर चालतं का?

नाही, तिथे ‘येस, आय ॲम’ असं पूर्णच म्हणायचं. ‘आय’म ॲट स्वारगेट’मध्ये जोर स्वारगेटवर असतो, म्हणून ‘ॲम’ आखडून नुसता ‘म’ उरतो. पुढचे शब्द गाळले की जोर क्रियापदावरच येतो, मग ते आखडत नाही. मोठ्याने म्हणून पाहा: ‘येस, आय’म’ म्हणताना ओठ मिटतात आणि वाक्य अधांतरी राहतं. ‘आय नो व्हेअर ही इज’ इथेही ‘ही’ज’ चूकच. नकार मात्र शेवटीही आखडतो: ‘नो, ही इझन्ट’, ‘नो, आय कान्ट’. ‘ॲम’ला तसं प्रमाण रूप नाही, म्हणून ‘नो, आय’म नॉट’. नोकरीच्या अर्जात मात्र सगळीकडे पूर्ण रूपंच लिहा.