मोबाइल चोरीला गेला, ठाण्यात म्हणाले ‘हरवला’ असं लिहा

प्रश्न: काका, सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) रात्री भुट्ट्याचा कीस खात होतो, गर्दीत कुणीतरी खिशातून वीस हजारांचा मोबाइल उडवला. ठाण्यात मुन्शीजी (लिखापढी करणारे पोलिस) म्हणाले गुमशुदगीचा, म्हणजे हरवल्याचा, अर्ज द्या, एफआयआर (गुन्ह्याची नोंद) कशाला, आणि ही हद्दही आमची नाही. काय करू? - एक वाचक, इंदूर

उत्तर: अरे, तो अर्ज दिलास तर तिथेच फसशील! हरवला म्हटलं की गुन्हाच नाही, मग तपास कोण कशाला करेल. वीस हजारांचा फोन खिशातून काढला म्हणजे सरळ चोरी, दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलिस कोर्टाला न विचारता तपास करू शकतात), आणि अशात एफआयआर घ्यावीच लागते हे सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. हद्दीचं तर बोलूच नको, 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) च्या कलम 173 मध्ये झीरो एफआयआर आहे, कुठल्याही ठाण्यात लिहून घेतात आणि मग ज्यांची हद्द त्या ठाण्याला पाठवतात. कॉपी फुकट मिळते, मागून घे. तरी ऐकलं नाही तर तक्रार लिहून डीसीपींना (पोलिस उपायुक्त) पोस्टाने पाठव, पावती जपून ठेव, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि हो, बिलावरचा किंवा डब्यावरचा आयएमईआय नंबर (फोनचा ओळख क्रमांक) शोध, डबा रद्दीत दिला नसशील तर!