पीएच घसरला की फॉस्फरस का चढतो?

अ‍ॅनारोबिक (हवा नसलेल्या) टाकीचा पीएच ६.६ वर आलाय, सांडपाणी प्रक्रिया प्लांटमधून बाहेर जाणाऱ्या पाण्यात फॉस्फरस चढलाय, तर चुना टाकून पीएच एकदम ८.५ वर न्यावा का, असा प्रश्न आहे. नका नेऊ.

फॉस्फरस साठवणारे जिवाणू (पीएओ) हवा नसलेल्या टाकीत असिटेटसारखी आम्लं आत ओढतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा मुख्यतः पेशीतलं पॉलिफॉस्फेट (फॉस्फेटची साठवलेली साखळी) मोडून येते, म्हणून तिथे फॉस्फेट सुटतं. पुढे एरेशनमध्ये (हवा फुंकणाऱ्या टाकीत) सुटलं त्याहून जास्त उचललं जातं. पीएच जितका वर, तितकं असिटेट आत घेणं महाग. म्हणून असिटेटमधल्या कार्बनच्या दर मोलमागे ५.५ पीएचला साधारण ०.२५ मोल फॉस्फरस सुटतो, ८.५ ला ०.७५. थोडक्यात, ६.६ ला कमी फॉस्फेट सुटलं म्हणून जिवाणू मेले असं होत नाही.

खरी भीती जीएओंची, म्हणजे ग्लायकोजेन साठवणाऱ्या प्रतिस्पर्धी जिवाणूंची. तेही हीच आम्लं खातात, पण ऊर्जेसाठी ग्लायकोजेनवर (पेशीतल्या साठवलेल्या साखरेवर) भागवतात आणि फॉस्फरसला हात लावत नाहीत. पीएच वाढला की त्यांचा खाण्याचा वेग पडतो, पीएओंचा ६.५ ते ८ मध्ये फारसा बदलत नाही. असिटेटवर ही सीमारेषा ७.२५ च्या आसपास आहे: त्याखाली जीएओ पुढे, त्यावर पीएओ. पाणी २५ अंशांच्या वर असेल तर जीएओंचं आणखी फावतं.

खात्री करायची तर दोन बीकरमध्ये १-१ लिटर एरेशनचा गाळ घ्या. नायट्रेट संपेपर्यंत हवा न लागता मंद ढवळा. एकाचा पीएच ६.६, दुसऱ्याचा ७.५ धरा. दोन्हींत २१३ मिलिग्रॅम सोडियम असिटेट ट्रायहायड्रेट (१०० मिलिग्रॅम सीओडी, म्हणजे ते जाळायला लागणारा ऑक्सिजन) टाका, दर १५ मिनिटांनी नमुना लगेच ०.४५ मायक्रॉनमधून गाळून ऑर्थोफॉस्फेट (विरघळलेलं फॉस्फेट) फॉस्फरस म्हणून मोजा. गाळ पीएओंनी भरलेला असेल तर शेवटी अनुक्रमे साधारण ४० आणि ५५ मिलिग्रॅम फॉस्फरसची वाढ दिसते. प्रत्यक्ष प्लांटमध्ये याहून कमी. दोन्हीकडे १० च्या आत अडकलं तर बहुतेक जीएओ मातलेत.

पीएच पडण्याचं नेहमीचं कारण नायट्रिफिकेशन, म्हणजे जिवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ मिलिग्रॅम अल्कलिनिटी (आम्ल पचवायची पाण्याची ताकद, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात) जाते, डीनायट्रिफिकेशनमध्ये (नायट्रेटचा नायट्रोजन वायू होताना) ३.५७ परत मिळते. ३० मिलिग्रॅम नायट्रिफाय झालं आणि २० डीनायट्रिफाय झालं, तर निव्वळ १४३ गेली. त्यात फॉस्फरस चढला म्हणून तुरटी वाढवतात. १ मिलिग्रॅम तुरटी आणखी अर्धा मिलिग्रॅम अल्कलिनिटी खाते, पीएच अजून घसरतो. हा फेरा आधी तोडा.

म्हणून पहिलं काम डीनायट्रिफिकेशन सुधारणं. अल्कलिनिटी फुकट परत येते, शिवाय रिटर्न गाळातून (शेवटच्या टाकीतून परत आणलेल्या गाळातून) अ‍ॅनारोबिक टाकीत जाणारं नायट्रेट आम्लं पळवायचं थांबतं. उरलेली तूट सोडियम बायकार्बोनेटने भरा: ५० मिलिग्रॅम तुटीला प्रति लिटर ८४ मिलिग्रॅम, म्हणजे १००० घनमीटरला ८४ किलो. लक्ष्य ७.३ ते ७.५. त्यापुढे गेलात तर कॅल्शियम फॉस्फेट आणि स्ट्रुवाइट (मॅग्नेशियम-अमोनियम फॉस्फेटचे खडे) बसू लागतं: आकडे छान दिसतात, पण ते काम जिवाणूंचं नसतं आणि पाइप चोंदतात. एरेशनमध्येही ६.५ च्या खाली जाऊ देऊ नका, तिथे फॉस्फरस उचलणंच मंदावतं.

पीएच टाकीतच मोजा. नमुना उघडा ठेवला की कार्बन डायऑक्साइड उडून आकडा वर सरकतो. आणि दोन दिवसांत निकाल शोधू नका. जिवाणूंची बिरादरी बदलायला गाळाच्या वयाच्या (गाळ प्लांटमध्ये सरासरी जितके दिवस राहतो त्याच्या) दोन-तीन पट दिवस लागतात.