पेशंट ‘नको’ म्हणाला, मग जबाबदारी कोणाची?

गेल्या वेळी मी ‘डामा’वर चार ओळी लिहिल्या होत्या. डॉक्टरांचा सल्ला न मानता पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर घरी जातो, त्याला दवाखान्यात ‘डामा घेतला’ म्हणतात. ओळी चार, पण पत्रं ढीगभर आली आणि त्यातली निम्म्याहून जास्त हृदयरोगाची. आश्चर्य नाही. सांगली-मिरजेत हृदयाचे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत. एकाकडे ‘नको’ म्हणायचं आणि रिक्षा करून दुसऱ्याकडे जायचं, हे इथं सोपं आहे. काही वाईट झालं की मग टोलवाटोलवी सुरू होते. निवडक पत्रांना उत्तरं देतो.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग. ऐन छाटणीत पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. सांगलीच्या हृदयरोगतज्ज्ञांनी इसीजी आणि रक्त तपासून ‘अटॅक आहे, आजच अँजिओग्राफी करू, हृदयाच्या रक्तनळ्या आतून तपासू’ सांगितलं. वडील म्हणाले, छाटणी उरकू दे, मग बघू. सही केली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या, आठ दिवसांनी बोलावलं. त्याआधीच वडील गेले. आता सांगलीचे म्हणतात, ‘डामा घेऊन गेले, पुढचं मिरजेनं बघायचं.’ मिरजेचे म्हणतात, ‘आधीच नकार देऊन आले होते, मी काय करणार?’ दोषी कोण?

तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं. कागद पाहिल्याशिवाय मी कोणालाच दोषी म्हणणार नाही. दुसरा कोणी डॉक्टर न बघताच म्हणाला, तर त्याच्यावरही भरवसा ठेवू नका. पण दोघांचीही जी वाक्यं तुम्ही लिहिली आहेत, ती उत्तरं म्हणून चालणार नाहीत, एवढं आत्ताच सांगतो.

आधी सांगली. तुमच्याकडे डामाचा कागद असेल तर काढून बघा. त्यात छापील इंग्रजी मजकूर आणि खाली वडिलांची सही, एवढंच आहे का? सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात संमती कशाला म्हणायचं ते सांगितलं. उपचार काय, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता आणि उपचार नाकारला तर काय होऊ शकतं, हे पेशंटला समजेल असं सांगायला हवं. हा शेवटचा भाग आम्ही डॉक्टर घाईत गिळून टाकतो. ‘धोका आहे’ असं म्हणणं वेगळं. ‘आज घरी गेलात तर ठोके बिघडून वाटेतच जीव जाऊ शकतो’ असं म्हणणं वेगळं. वडिलांना यातलं कोणतं ऐकू आलं होतं?

दुसरं, त्यांनी ‘नको’ म्हटल्यावर ‘का नको’ हे कोणी विचारलं का? ‘पेशंट ऐकत नाही’ हे आमच्या व्यवसायातलं सगळ्यात आळशी वाक्य आहे. छाटणीची टोळी एकदा हातची गेली की परत कधी मिळेल याचा भरवसा नसतो, हे तासगावच्या पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असायला हवं. ‘टोळीवर आज कोण उभं राहील? भाऊ आहे का? त्याला फोन लावा,’ या एका वाक्याने थांबलेले बागायतदार मी पाहिले आहेत.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तुम्ही पत्रात गोळ्यांचा उल्लेख फक्त मिरजेच्या संदर्भात केला आहे. म्हणजे सांगलीतून निघताना हातात चिठ्ठी नव्हती? तसं असेल तर ते मोठं न्यून आहे. पेशंटने अँजिओग्राफी नाकारली होती, उपचार नाकारला नव्हता. अ‍ॅस्पिरिन, सोबतची रक्त गोठू न देणारी दुसरी गोळी, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन हे द्यायलाच हवं होतं. इसीजीत हृदयाची रक्तनळी पूर्ण बंद झाल्याची खूण असेल आणि दुखायला लागून बारा तास झालेले नसतील, तर गाठ विरघळवणारं इंजेक्शन हा पर्यायही त्यांच्यासमोर ठेवायला हवा होता. अँजिओ नको असेल तर निदान दोन दिवस आयसीयूत राहा, हेही सांगायला हवं होतं. पहिल्या क्रमांकाचा उपचार पेशंटने नाकारला की दुसऱ्या क्रमांकाचा देणं हे डॉक्टरचं काम असतं. सही घेतली की डॉक्टर सुटला, हा गैरसमज आमच्यातल्या बऱ्याच जणांना सोयीचा वाटतो.

आता मिरज. ज्या क्षणी त्यांनी केस पेपर काढला, त्या क्षणी तुमचे वडील त्यांचे पेशंट झाले. ‘आधीच नकार दिला होता’ हे खरं, पण तो नकार आदल्या दिवशीचा, दुसऱ्या डॉक्टरसमोरचा. रात्र घरात काढलेला, थोडा घाबरलेला माणूस दुसऱ्या दिवशी वेगळं उत्तर देऊ शकतो. म्हणून तो स्वतःच्या पायाने मिरजेला गेला ना? कालचा इसीजी मागून आजच्या शेजारी ठेवणं, सांगलीला एक फोन करणं आणि अँजिओचा विषय नव्याने काढणं, एवढं अपेक्षित होतं. ते झालं होतं का, हे त्यांच्या केस पेपरवरून कळेल. ‘ताबडतोब अ‍ॅडमिट व्हा सांगितलं, तयार नाहीत’ असं तिथं वेळेसह लिहिलेलं असेल, तर त्यांची बाजू भक्कम आहे.

आणि वडिलांचाही यात वाटा आहे. हे मुलाला ऐकायला कठीण जातं, पण शहाण्यासुरत्या प्रौढ माणसाला चुकीचा निर्णय घेण्याचाही अधिकार असतो. वडिलांना सगळं नीट समजलं होतं आणि तरी ते निघाले असतील, तर दोष कोणाच्याच पदरात टाकता येणार नाही. तुमच्याही.

तक्रार करायचीच असेल तर आधी कागद मागा, दोन्हीकडे, लेखी. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची असते. रुग्णालयालाच प्रतिवादी करता येतं. कोणत्या डॉक्टरची नेमकी चूक हे तुम्हीच आधी ठरवून आणलं पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सविता गर्ग प्रकरणात सांगितलं, आणि तो खटलाही हृदयरोग रुग्णालयाचाच होता. मात्र चूक दाखवून भागत नाही, त्या चुकीमुळेच नुकसान झालं हेही दाखवावं लागतं. पोलीस ठाण्याची पायरी चढण्याची घाई नको. फौजदारी गुन्ह्याला ढोबळ, अक्षम्य निष्काळजीपणा लागतो, हा जेकब मॅथ्यू निकाल २००५ पासून कायम आहे.

प्रश्न : मी सांगलीत एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. पेशंट शुद्धीत असतो, बोलत असतो, तरी डामाच्या कागदावर मुलाची नाहीतर जावयाची सही घेतात. हे चालतं का?

नाही, सिस्टर. पेशंट प्रौढ आहे आणि त्याला समजतंय, तर सही त्याचीच. समीरा कोहली प्रकरणात डॉक्टरांनी आईची संमती घेतली होती आणि न्यायालयाने ती मानली नाही, कारण मुलगी सज्ञान होती. मुलाची सही साक्षीदार म्हणून घ्या, हवी तर दोघांची घ्या.

पण ‘शुद्धीत आहे’ म्हणजे ‘समजतंय’ असं नव्हे. अटॅकमध्ये रक्तदाब कोसळलेला, ऑक्सिजन कमी झालेला किंवा सोडियम उतरलेला पेशंट डोळे उघडून ‘मला घरी सोडा’ म्हणत असतो आणि आज वार कोणता ते त्याला सांगता येत नाही. अशा माणसाचा नकार हा नकार नव्हे, आजाराचं लक्षण आहे. त्याला विचारा, ‘डॉक्टर काय म्हणाले ते मला तुमच्या शब्दांत सांगा.’ सांगता आलं नाही तर लगेच डॉक्टरांना बोलवा.

एक सोपी गोष्ट तुमच्या हातात आहे. छापील कागदाखाली पेशंटचं स्वतःचं वाक्य लिहून घ्या, मराठीत, आणि जतकडचा पेशंट असेल तर कानडीत. ‘हार्ट बंद पडू शकतं हे कळलं, तरी मी जातोय.’ लिहिता येत नसेल तर तुम्ही लिहा, वाचून दाखवा, अंगठा घ्या, वेळ टाका. गंमत म्हणजे असं वाक्य स्वतःच्या तोंडून उच्चारल्यावर काहीजण बॅग परत कॉटखाली ठेवतात.

प्रश्न : विट्याजवळच्या रुग्णालयात आरएमओ (निवासी डॉक्टर) आहे. अटॅकच्या पेशंटने अँजिओ नाकारली, पण तो अ‍ॅडमिट राहिला. रात्री दोन वाजता ठोके बिघडले. दिवसा राउंड घेणारे सर म्हणाले, ‘अँजिओचा सल्ला बाहेरून येणाऱ्या व्हिजिटिंग सरांचा होता, त्यांना विचार.’ व्हिजिटिंग सर म्हणाले, ‘त्याने मला नकार दिलाय, तो माझा पेशंट नाही.’ मी शॉक दिला, पेशंट वाचला. पण सकाळी दोघंही माझ्यावर चिडले, न विचारता शॉक का दिला म्हणून. माझं चुकलं?

शॉक दिलात ते उत्तम केलंत. व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा, थरथरायला लागल्यावर परवानगी मागत बसणारा डॉक्टर मला नको. तातडीच्या पेशंटला आधी वाचवायचं, बाकी सगळं नंतर, हे १९८९ च्या परमानंद कटारा निकालापासून कायद्यानेही बजावलेलं आहे.

तुमच्या दोन्ही सरांचा गोंधळ एका जागी आहे. पेशंटने अँजिओग्राफी नाकारली होती. शॉक, औषधं, ऑक्सिजन, छाती दाबणं यांतलं काहीच नाकारलं नव्हतं. नकार ज्या गोष्टीला दिला तेवढ्यापुरताच असतो. ‘भाजी नको’ म्हणणाऱ्याच्या ताटातली भाकरी आपण काढून घेत नाही.

‘माझा पेशंट नाही’ याबद्दलही नियम आहे. हाती घेतलेला पेशंट सोडायचा असेल, तर त्याला आणि घरच्यांना पुरेशी सूचना देऊनच सोडता येतो. रात्री दोनला फोनवर आरएमओला सांगून नाही. दोन डॉक्टरांत न मिटणारा मतभेद असेल, तर तो पेशंटसमोर मोकळेपणाने आणि नि:पक्षपातीपणे मांडावा, असंही त्याच २००२ च्या नियमांत आहे. आपल्याकडे मतभेद कॉरिडॉरमध्ये मांडतात.

मीही यात धुतल्या तांदळाचा नाही. व्यवसायाच्या सुरुवातीला एका रुग्णालयात एक गृहस्थ अ‍ॅडमिट व्हायला तयार नव्हते. मी केस पेपरवर ‘पेशंट तयार नाही’ असं इंग्रजीत लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळलो. चार दिवसांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचा फोन आला, ‘तुमचा पेशंट माझ्याकडे फुप्फुसात पाणी भरून आलाय. तुम्ही त्याला काय सांगितलं होतं?’ मला आठवेना. कागदावरही ते तीन शब्द सोडून काही नव्हतं. मी त्यांनाच उलट विचारलं, ‘तुमच्याकडे आलाय ना, मग मला का विचारता?’ तो पेशंट वाचला, पण ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

तुम्ही एक करा. अ‍ॅडमिशनच्या वेळी पहिल्याच पानावर लिहून घ्या, मुख्य डॉक्टर कोण आणि रात्री फोन कोणाला. प्रत्येक फोनची वेळ आणि मिळालेलं उत्तर तसंच्या तसं नोंदवा. सर चिडतील. चिडू देत. त्या रात्रीचे दोन फोनही आत्ता, आजच्या तारखेने, लिहून ठेवा. मागची तारीख घालू नका.

प्रश्न : विश्रामबागेतून लिहिते. यजमान ५९. चालताना छातीत भरून येतं, बसलं की थांबतं. एक डॉक्टर स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) घाला म्हणतात, दुसरे गोळ्यांवर चालेल म्हणतात आणि पहिल्यांना नावं ठेवतात. यजमान स्टेंट नको म्हणतात. त्यांच्या वतीने मी सही करून स्टेंट घालून घेऊ का?

सही तुम्ही करू शकत नाही, वहिनी. ते वर सिस्टरांना सांगितलंच आहे. पण इथं तुमच्या यजमानांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तासगावच्या पत्रातला अटॅक आणि हा आजार एक नव्हे. अटॅकमध्ये बंद नळी उघडणं जीव वाचवतं. चालल्यावर येणाऱ्या आणि थांबल्यावर जाणाऱ्या स्थिर दुखण्यात गोष्ट निराळी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत ५,१७९ पेशंट होते. चांगल्या गोळ्यांबरोबर सुरुवातीलाच अँजिओ करून स्टेंट किंवा बायपास केलेल्यांमध्ये आणि आधी फक्त गोळ्यांवर ठेवलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. स्टेंटवाल्यांचं दुखणं मात्र जास्त कमी झालं. डाव्या मुख्य नळीत मोठा अडथळा असलेल्यांना त्या चाचणीत घेतलं नव्हतं, आणि ज्यांच्या हृदयाचं पंपिंग फारच कमी होतं त्यांनाही नाही.

म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकच विचारा : मुख्य नळी कशी आहे आणि टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग किती? दोन्ही ठीक असेल तर आधी गोळ्या नीट घेऊन बघणं हा शहाणपणाचा रस्ता आहे. दुखणं बसल्या जागी यायला लागलं, किंवा थोड्या चालण्यानेही वाढलं, तर हे उत्तर रद्द समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नकारामागे खर्चाची भीती असेल तर तीही बोलून घ्या. पुरुष पैशाचं नाव न घेता ‘मला काही होत नाही’ म्हणतात. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीला सरकारने मर्यादा घातली, औषधाचा लेप असलेल्या स्टेंटला तेव्हा २९,६०० रुपये. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, रेशनकार्ड दाखवून विचारा.

प्रश्न : आई ८६ वर्षांची, साताऱ्यात माझ्याकडे असते. ठोके मिनिटाला ३५ वर येतात, दोनदा चक्कर येऊन पडली. पेसमेकर नको म्हणते. डॉक्टर म्हणाले, झोपेचं इंजेक्शन देऊन बसवून टाकू.

त्या डॉक्टरांनी हे गंमतीत म्हटलं असेल अशी आशा करतो. नाही म्हणणाऱ्या शहाण्या माणसाला झोपवून काही बसवता येत नाही. वय ८६ आहे म्हणून तो हक्क जात नाही. पण आईंना पेसमेकर म्हणजे काय वाटतं ते विचारलंत? बऱ्याच आज्यांना वाटतं, छाती फाडणार. जागा बधिर करून खांद्याखाली छोटा छेद घेतात आणि साधारण तासाभरात आटोपतं. पेसमेकर असलेली एखादी बाई आळीत असेल, तर तिला चहाला बोलवा. डॉक्टरच्या अर्ध्या तासापेक्षा तिची पंधरा मिनिटं जास्त उपयोगी पडतील. एवढं करूनही ‘नको’ म्हणाल्या, तर नको. मग ठोके मंदावणाऱ्या गोळ्या चालू आहेत का ते तपासून घ्या आणि बाथरूममध्ये धरायला दांडी बसवा.

प्रश्न : डामा घेतलेला पेशंट त्याच दवाखान्यात परत गेला तर घेतात का? आमचे मामा लाजेने जायला तयार नाहीत.

तातडीचं दुखणं असेल तर घ्यावंच लागतं, आधी कितीही वेळा डामा घेतलेला असो. कोणी टोमणा मारला तर मारू दे, इसीजी तर काढतील. मामांना जुना केस पेपर बरोबर घ्यायला सांगा. आणि कळ आत्ता येत असेल, तर हे वाचत बसू नका, १०८ ला फोन लावा.